पाखाडीवरचे दिवे

[मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण]



वर्धापनदिनाच्या सभेत बोलावयास उभे राहणे हा मान आहे, हे मी जाणते. या जागेवरून आजवर आपण पुष्कळ चांगली भाषणे ऐकली. कोणी अभंगांवर बोलले, कोणी मुलांच्या संगोपनावर, कोणी आहारावर. मला मात्र चिटणीसबाईंनी विषय दिला तो सेलांचा! "पाखाडीवरच्या दिव्यांत कोणते सेल घालावेत, ते तुम्हीच सांगा," असे त्या म्हणाल्या. प्रथम मला हसू आले. मागाहून लक्षात आले की, या विषयावर बोलण्याचा अधिकार आपल्या मंडळात माझ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही. कारण या बाबतीत माझ्याएवढी मोठी चूक दुसऱ्या कोणी केलेली नाही.

२०२२ च्या दसऱ्याला आपण मंडळापासून खालच्या वाडीपर्यंत पाखाडीच्या कडेने उन्हावर चालणारे बारा दिवे लावले, हे सर्वांच्या स्मरणात असेलच. त्यासाठी आपण दोन हंगाम पापड लाटले आणि कोकम सरबत विकले. ती पाखाडी कशी आहे हे तुम्हांला सांगावयास नको. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये जांभ्याच्या झिजलेल्या पायऱ्या, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ, आणि गडग्याच्या भेगांत फुरशाची भीती. संध्याकाळच्या गाडीने क्लासहून परतणाऱ्या मुली त्याच वाटेने घरी जातात. दिवे लागले तेव्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता!

दीड वर्ष ते छान चालले. मग २०२४ च्या उन्हाळ्यात ते मंदावू लागले. आठ वाजता मिणमिणत आणि नऊच्या सुमारास विझून जात. सेल बदलावयास हवेत हे उघड होते, आणि ते काम मी अंगावर घेतले. प्रत्येक दिव्यात दोन पेन्सिल सेल, म्हणजे बारा दिव्यांना चोवीस. मी दुकानात गेले आणि ज्या पुडक्यावर सर्वांत मोठा आकडा होता ते उचलले. २५०० असे त्यावर ठसठशीत छापलेले होते. मोठा आकडा म्हणजे जास्त उजेड, असा माझा सरळ हिशेब. पण मोठ्या आकड्याची किंमतही मोठी. तेव्हा मी एक युक्ती केली. चोवीसऐवजी बाराच सेल घेतले, आणि प्रत्येक दिव्यात एक नवा व एक जुना असे घातले. जून महिन्याच्या सभेत हिशेब सादर करताना "निम्म्या खर्चात काम भागविले" असे मी सांगितले, आणि तुम्ही टाळ्या वाजविल्या. पण नव्याबरोबर जुना सेल घातला आहे, हे मात्र मी सांगितले नव्हते. ते आज सांगते आहे.

पाऊस सुरू होईपर्यंत कोणालाच काही कळले नाही. आषाढात एकेक दिवा लवकर मालवू लागला. श्रावणात मंडळात मंगळागौर झाली, त्या रात्री परत जाताना पाखाडीवर एकही दिवा नव्हता. खालच्या वाडीतल्या आपल्या काकू पायरीवरून घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. सत्तरी उलटलेल्या बाईला सहा आठवडे प्लॅस्टर! मी भेटावयास गेले, तेव्हा त्या मलाच समजावू लागल्या, "अगं, दिव्याचं काय घेऊन बसलीस? पाऊल माझंच चुकलं." त्यानंतर संध्याकाळच्या कार्यक्रमाला त्या येईनाशा झाल्या.

पाऊल त्यांचे चुकले नव्हते. चुकला होता तो माझा हिशेब. तो नेमका कोठे चुकला हे समजून घ्यावे, म्हणून मी या विषयाच्या मागे लागले. पुस्तके वाचली, भाच्याकडून वीज मोजण्याचे लहान यंत्र, म्हणजे मल्टिमीटर, मागून आणले, आणि बाराही दिवे एकेक करून उघडून पाहिले. त्यातून जे समजले ते तुमच्यापुढे ठेवते.

प्रथम दिव्याच्या आत काय असते ते पाहू. वर काळसर निळी चकती, आत सेल, खाली छोटा दिवा, आणि या तिघांना जोडणारी एक बोटभर पट्टी. उन्हापासून वीज करणाऱ्या सिलिकनच्या चकतीचा पहिला उपयोगी नमुना १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चेपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी दाखविला. तिच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी शेकडा सहा भागाचीच वीज होई. आज चांगल्या चकत्या शेकडा वीस भागांच्याही पुढे गेल्या आहेत. खालचा दिवा म्हणजे एलईडी. निळ्या एलईडीचा शोध लागला तेव्हाच त्यापासून पांढरा उजेड मिळविणे साधले, आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चकती आणि एलईडी या दोन्ही वस्तू वर्षानुवर्षे टिकतात. थकतो तो मधला सेल. दिवसा मिळेल ते साठवावे आणि रात्री देऊन टाकावे, हा त्याचा रोजचा नेम. पुष्कळ घरांत सेल थकला की सगळा दिवाच टाकून देतात. कढईचा कान निखळला म्हणून कढई भंगारात द्यावी, तसाच हा प्रकार.

आता सेलांच्या जाती. दिव्यात कोणता सेल घालावा, याचे पहिले उत्तर असे की, जुना काढाल त्याच जातीचा, त्याच व्होल्टचा आणि त्याच मापाचा घालावा. जुना सेल काढला की फेकण्यापूर्वी त्यावरची अक्षरे वाचावीत, आणि तो दुकानात बरोबर न्यावा. ब्लाउजपीस घ्यावयास जाताना आपण साडी बरोबर नेतो, तसे.

जुन्या दिव्यांत निकेल-कॅडमियमचे सेल सापडतात. त्यांवर १.२ व्होल्ट असे असते. ते दणकट असतात, परंतु कॅडमियम हे विषारी द्रव्य आहे. दुसरी जात निकेल-मेटल हायड्राइडची. तीही १.२ व्होल्टचीच, पण तीत कॅडमियम नसते आणि तेवढ्याच आकारात साठा अधिक मावतो. म्हणून कॅडमियमचा सेल संपला की त्या जागी निकेल-मेटल हायड्राइडचा घालावा. "त्याच जातीचा" या नियमाला एवढा एकच अपवाद धरावा. पाखाडीवरच्या आपल्या दिव्यांत हेच दुसऱ्या जातीचे सेल आहेत.

तिसरी जात लिथियम-आयनची, ३.७ व्होल्टची. चौथी तिचीच बहीण, लिथियम आयर्न फॉस्फेटची, ३.२ व्होल्टची. या दोघी दिसावयास जुळ्या, पण स्वभावाने निराळ्या. त्यांच्याविषयी पुढे सांगते.

आणि एक सेल असा, की जो या दिव्यांत कधीही घालू नये. तो म्हणजे घड्याळात आणि रिमोटमध्ये घालावयाचा साधा १.५ व्होल्टचा सेल. आकार तोच, किंमत कमी, आणि घातला तर दिवा लागतोही. म्हणून फसावयास होते. पण तो पुन्हा भरून घेण्यासाठी केलेलाच नसतो. दिवसा चकती त्यात वीज ढकलू लागली की आत वायू साठतो आणि सेल गळतो. क्वचित फुटतोसुद्धा. त्यातून येणारा रस दाहक असतो, आणि तो दिव्याच्या स्प्रिंगा खाऊन टाकतो. वरच्या वळणावरचा आपला एक दिवा असाच गेला. कोणा भल्या मुलाने दिवा विझलेला पाहिला आणि घरातला सेल आणून घातला. त्याचा हेतू चांगला होता. म्हणूनच ही माहिती घरातल्या मुलांनाही सांगितली पाहिजे.

आता तो मोठा आकडा, ज्याने मला फसविले. सेलावर ६००, १०००, २५०० असे जे आकडे असतात आणि पुढे एमएएच असे लिहिलेले असते, ते त्या सेलाच्या पोटाचे माप आहे. त्यात किती मावेल एवढेच तो आकडा सांगतो. किती भरले जाईल हे सेलावर नाही, चकतीवर अवलंबून असते. विहिरीला झिरप दोन हंड्यांची असताना अंगणात दहा हंड्यांचा पिंप आणून ठेवला, तर पाणी वाढते का?

आपल्या दिव्याचाच हिशेब पाहा. भर उन्हात मी मोजले तेव्हा चकतीतून सुमारे १०० मिलीअँपिअर प्रवाह येत होता. हिवाळ्या-उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसभरात मिळून साधारण पाच तासांच्या भर उन्हाइतके ऊन पडते. म्हणजे दिवसाची कमाई ५०० झाली. यातले सगळे सेलाच्या पोटात जात नाही, काही उष्णतेत वाया जाते. शेकडा सत्तर जमा झाले असे धरले तर ३५० उरले. दिव्याला दर तासाला ३५ लागतात. म्हणजे दिवा दहा तास चालला. ३५० ची कमाई ठेवावयास २५०० चे पोट कशाला? ८०० ते १००० चा सेल अगदी पुरेसा आहे. दोन दिवस ढग आले तरी त्यात थोडी शिल्लक राहते.

आणखी एक गोष्ट. सेलाच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या प्रवाहाने तो भरला, तर ते त्याला मानवते. १०० च्या चकतीला १००० चा सेल, असे ते जमते. चकती तीच असता मोठ्या सेलाने दिव्याचे नुकसान होते असे नाही. पण फायदाही काही होत नाही, आणि पैसे मात्र जास्त जातात.

माझ्या सेलांत आणखीही एक खोड होती. निकेल-मेटल हायड्राइडचे साधे सेल नुसते ठेवले तरी झिरपतात. महिन्याभरात साधारण पाव हिस्सा आपोआप नाहीसा होतो, आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात त्याहून अधिक. मोठ्या आकड्याच्या साध्या सेलांत ही झिरप जास्त असते. पावसाळ्यात आधीच कमाई थोडी, त्यातली काही बसल्या जागीच जिरून जावयाची. यावर उपाय निघालेला आहे. २००५ पासून कमी झिरपणारे सेल बाजारात आले. चांगल्या कंपनीचा असा सेल वर्षभर पडून राहिला तरी शेकडा सत्तर किंवा त्याहून अधिक साठा राखतो. पुडक्यावर "लो सेल्फ-डिस्चार्ज" किंवा "भरून आलेला, वापरास तयार" अशा अर्थाची अक्षरे असतात. घ्यावयाचा असेल तर तोच घ्यावा. या जातीत १००० चा मिळाला नाही आणि २००० चा मिळाला, तरी खुशाल घ्यावा. मात्र त्याने उजेड दुप्पट होईल अशी आशा ठेवू नये.

आणि आता माझी युक्ती, एक नवा आणि एक जुना. मैत्रिणींनो, दिव्यातले दोन सेल एकापाठी एक जोडलेले असतात. एकातून जेवढा प्रवाह जाईल तेवढाच दुसऱ्यातून जातो. संध्याकाळी दिवा लागला की थकलेला जुना सेल आधी रिता होतो. नव्यात अजून जीव असतो, म्हणून तो प्रवाह चालूच ठेवतो आणि तो त्या रित्या सेलातून उलटा दाबला जातो. नुसता रिता झाला असता तर दुसऱ्या दिवशी भरला असता, पण असे रोज झाले की तो कायमचा बिघडतो. दोन बैलांपैकी एक म्हातारा आणि एक तरणा जुंपला, तर गाडी म्हाताऱ्याच्या पावलाने चालते, आणि म्हातारा मरतो तो वेगळाच. निम्मे पैसे वाचविले असे मी समजत होते. खरे म्हणजे ते निम्मे सेलही मी वायाच घालविले. म्हणून दुसरा नियम असा की, एका दिव्यातले सगळे सेल एकाच वेळी, एकाच कंपनीचे, एकाच आकड्याचे घालावेत. पैसे कमी असतील तर बारापैकी सहाच दिवे नीट करावेत आणि उरलेले पुढच्या महिन्यात. पण अर्धामुर्धा दिवा करू नये.

आता लिथियमच्या दोघी बहिणी. मंडळाच्या दारावरचा मोठा दिवा, माणूस जवळ आला की जो उजळतो, त्यात असा सेल आहे. त्यावर १८६५० हा आकडा पाहून मी चकित झाले. तो साठ्याचा आकडा नव्हे, मापाचा आहे: जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५. दुकानदाराने मला ३.७ व्होल्टचा सेल पुढे केला आणि म्हणाला, "ताई, माप तेच आहे, चालेल." मी जुना सेल बरोबर नेला होता म्हणून वाचले. त्यावर ३.२ होते. फॉस्फेटचा ३.२ चा सेल सुमारे ३.६ व्होल्टपर्यंत भरतात, तर दुसरा ३.७ चा सेल ४.२ पर्यंत. दिव्यातली पट्टी यांपैकी एकीसाठीच केलेली असते. ४.२ च्या पट्टीवर फॉस्फेटचा सेल घातला तर तो प्रमाणाबाहेर भरला जातो आणि लवकर खराब होतो. उलट केले तर सेल कधी पुरता भरतच नाही. माप जुळले म्हणजे सेल जुळला असे नव्हे. पेन्सिल सेलाच्याच मापाचा लिथियमचाही सेल मिळतो. १.२ च्या जागी तो घातला तर तिप्पट दाब येऊन दिवाच जळावयाचा.

नवा मोठा दिवा घ्यावयाचा असेल तर मी फॉस्फेटचा पसंत करीन. १९९७ साली गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य पुढे आणले. लिथियम-आयनच्या कामाबद्दल याच गुडइनफ यांना, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्याबरोबर, २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते ९७ वर्षांचे होते! फॉस्फेटचा सेल त्याच आकारात साठवितो थोडे कमी, पण उष्णता अधिक सोसतो, सहसा पेट घेत नाही, आणि भरणे-रिते होणे याच्या हजारांवर फेऱ्या काढतो. उन्हात तापणाऱ्या दिव्याला असाच सोशिक सेल बरा.

या १८६५० मापात खोट्या आकड्यांचाही सुळसुळाट आहे. नामांकित कंपन्यांचे ३.७ व्होल्टचे सेल साधारण ३५०० पर्यंत असतात. त्यावर ९९०० असा आकडा दिसला तर समजावे की आकडा छापण्यास पैसे पडत नाहीत! असा सेल हातात घेऊन पाहावा. खरा ३.७ चा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. पिसासारखा हलका लागला तर परत करावा. चेपलेला, फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला लिथियमचा सेल घरात ठेवू नये. त्याला खिळा ठोकू नये, आणि चुलीत तर मुळीच टाकू नये. त्याला आग लागू शकते.

सेल चांगला असूनही दिवा लागत नाही, असेही पुष्कळदा होते. म्हणून सेल विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, चकती पुसलेली आहे का. लाल धूळ, पक्ष्यांची घाण, फणसाची पाने यांनी चकती झाकली की कमाईच बुडते. ओल्या मऊ फडक्याने पंधरा दिवसांतून एकदा पुसावी. घासणीने घासू नये. दुसरी, वर सावली आहे का. आपल्या तिसऱ्या दिव्यावर दुपारनंतर फणसाची सावली येत होती. तो फक्त चार हात पुढे नेला आणि दोन तास जास्त चालू लागला. तिसरी, रात्री दुसरा उजेड तर पडत नाही ना. अंधार झाला हे दिव्याला त्याच्या चकतीवरूनच समजते. पाखाडीच्या तोंडाशी रस्त्यावरचा मोठा दिवा आहे. त्याचा उजेड आपल्या शेवटच्या दोन दिव्यांवर पडे आणि ते बिचारे दिवसच आहे असे समजून गप्प राहत. त्यांची तोंडे फिरविली, लागू लागले. चौथी, स्प्रिंगांवर पांढरा-हिरवा थर आला आहे का. असल्यास सेल काढून, हातमोजे घालून, काडीला गुंडाळलेल्या कापसावर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन तो थर पुसावा. मग ओल्या आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसून नीट वाळू द्यावे. झाकणाच्या रबरी कडेला पेट्रोलियम जेलीचे बोट फिरविले तर पावसाचे पाणी आत येत नाही.

एवढे करूनही शंका राहिली, तर चांगल्या चालणाऱ्या दिव्यातले सेल संध्याकाळी काढून बंद दिव्यात घालावेत. दिवा लागला तर दोष सेलाचा किंवा चकतीचा. न लागला तर स्प्रिंग, पट्टी किंवा एलईडी बिघडली. मल्टिमीटर असल्यास आणखी सोपे. स्वच्छ उन्हाचा दिवस गेल्यावर १.२ चा सेल १.२५ च्या वर दिसला पाहिजे. एकाखाली गेला असेल तर त्याची सेवा संपली असे समजावे.

नवे सेल घातल्यावर पहिल्याच रात्री दिवा पाहून निराश होऊ नये. बटण बंद ठेवून दोन-तीन दिवस नुसते ऊन खाऊ द्यावे. काही दिव्यांत बटण बंद केले की सेलही भरत नाही. अशा दिव्यासाठी सेल घरच्या चार्जरवर भरून घालावेत.

आता पावसाविषयी खरे ते सांगते. झड लागलेल्या दिवशी आपल्याकडे दिवसभरात तासाभराच्या उन्हाइतकेही ऊन कधी कधी मिळत नाही. म्हणजे कमाई १००, जमा ७०, आणि दिवा चालला दोन तास. कोणताही सेल घाला, हा हिशेब बदलत नाही. सेल साठवितो, वीज निर्माण करीत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात आपण निराळी व्यवस्था केली. बारापैकी वळणावरचे आणि पायऱ्यांवरचे सहाच दिवे चालू ठेवले. सेलांचे दोन संच केले, आणि एक संच मंडळात चार्जरवर भरून दर चार दिवसांनी पाळीपाळीने बदलला. उरलेल्या सहा दिव्यांतले सेल काढून कोरड्या डब्यात ठेवले. शिवाय मंडळाच्या दारात दोन हातबॅटऱ्या टांगल्या. दिव्यांवर भरवसा ठेवावा, पण त्यांच्या स्वभावाबाहेरचे काम त्यांना सांगू नये.

शेवटी मेलेल्या सेलांचे काय करावे? ते कचऱ्यात टाकू नयेत, आगरात पुरू नयेत आणि जाळू तर नयेतच. कॅडमियम मातीत गेले की तेथून पाण्यात उतरते, आणि आपण सगळ्या विहिरीचे पाणी पितो. २०२२ साली केंद्र सरकारने बॅटऱ्यांच्या कचऱ्याविषयी नवे नियम केले. वापरलेले सेल परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर टाकली आहे. सेलावर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते, त्याचा अर्थ हाच की येथे टाकू नका. मंडळात मी झाकणाची एक प्लॅस्टिकची बरणी ठेवली आहे. घरोघरचे मेलेले सेल तीत आणून टाका. लिथियमच्या सेलांच्या दोन्ही टोकांना आधी चिकटपट्टी लावा. बरणी भरली की तालुक्याला जाणारी कोणीतरी ती संकलन केंद्रात पोहोचवील.

आता माझी एक सूचना आहे. हिशेबाच्या वहीत दिव्यांसाठी एक पान ठेवावे. कोणत्या दिव्यात कोणते सेल, कोणत्या तारखेला घातले, कोणी घातले, सगळे त्यात लिहावे. दर दसऱ्याला शस्त्रपूजनाबरोबर या दिव्यांचीही तपासणी व्हावी. आणि काटकसर केली असेल तर ती कशात केली, हेही त्या पानावर लिहिले जावे. काटकसर हा आपल्या बायकांचा मोठा गुण आहे. पण लपविलेल्या काटकसरीची किंमत कधी कधी दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते, हे मी शिकले.

२०२४ च्या दिवाळीला मी माझ्या पैशांनी चोवीस सेल आणून घातले, १००० चे, कमी झिरपणारे, सगळे एका जातीचे. त्यांवर एक पूर्ण पावसाळा उलटला आहे, आणि दिवे अजून पहाटेपर्यंत चालतात. हे भाषण करावयाचे ठरले तेव्हा मी आधी खालच्या वाडीत गेले आणि अर्ध्या सेलांची गोष्ट काकूंना सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तू सभेत सांग. म्हणजे पुन्हा कोणी असं वाचवायला जाणार नाही. आणि मी येते ऐकायला."

त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. सभा संपता संपता अंधार पडेल. पाखाडीवरचे बाराही दिवे मी दुपारी पाहून आले आहे. तरीही उतरताना घाई करू नका, आणि दारातली हातबॅटरी बरोबर घ्या.